काजवालीचं माप

काजवाली जाऊन चार महिने झाले. आता चौकीवाले तिचं काही करू शकत नाहीत, आणि या वयात माझंही फारसं काही करतील असं वाटत नाही, म्हणून हे लिहितो आहे. मला लिहिण्याचा सराव नाही. मापवहीत आकडे लिहिले तेवढंच माझं लेखन. तिच्याबद्दल माझ्यापेक्षा बऱ्या माणसाने लिहायला हवं होतं. पण तिला टेप लावून मोजणारी माणसं या जगात दोनच. त्यातला दुसरा लिहिणार नाही, आणि त्याला जे कळलं नाही ते मला कळलं होतं.

आमचं शिलाईचं दुकान गल्लीच्या वळणावर आहे. गल्लीत चार प्रकारचे लोक राहतात. माझ्यासारखे साधे. मग शेपटे, ज्यांच्या पँटला मागे झडप लागते. पंखाळे, ज्यांच्या शर्टाच्या पाठीला दोन उभ्या फटी ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक फटीला पाच बटणं. आणि चौहाते, ज्यांच्या शर्टाला बाह्या चार, म्हणजे कफ चार. थोडक्यात, आमच्या दुकानात कापण्यापेक्षा आणि शिवण्यापेक्षा काजं जास्त. दिवसाला सत्तर-ऐंशी. त्यासाठी वेगळं माणूस ठेवावंच लागतं. वडिलांच्या काळात हे काम माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, तीस वर्षं केलं. मग तिचे डोळे अधू झाले. नवरा गेल्यावर ती दुकानावरच्या खोलीत राहायला आली आणि दुकानाबाहेर मी पाटी लावली.

पाटी वाचून ती आली, ती दुपारची. दारात उभी राहून तिने माझ्याकडे नाही, भिंतीवर टांगलेल्या शर्टांकडे पाहिलं.

"काज करणारं माणूस हवंय ना?"

"हवंय. आधी कुठे करत होता तुम्ही?"

"होते एका ठिकाणी."

"कुठल्या?"

"लांब आहे ते. तुम्हाला नाही माहीत."

मी पुढे विचारलं नाही. अनोळखी माणसाला दोन प्रश्न विचारले की माझ्याजवळचे प्रश्न संपतात. तिला एक तुकडा दिला आणि पाच काजं करायला सांगितली. तिने खिडकीजवळची जागा घेतली आणि चहा गार व्हायच्या आत तुकडा परत दिला.

मी भिंग लावून पाहिला. प्रत्येक काजाला बत्तीस टाके. पाचही काजांना बत्तीस, पाचही एकाच लांबीची, गाठीही एकाच जागी. माणसाच्या हातची पाच काजं पाच सख्ख्या बहिणींसारखी असतात. ही एकच बाई पाच वेळा उभी केल्यासारखी होती. मला अंगावर काटा आला. त्याच दिवशी मी तिला कामावर ठेवलं, कारण बेकरीवाल्या चौहात्याचे लग्नाचे कपडे परवा द्यायचे होते आणि त्याला माझ्या अंगावर काटा आल्याशी काही देणंघेणं नव्हतं.

काटा का आला, ते सांगायला हवं. आमच्याकडे पाचवेही लोक आहेत, पण ते कुठे राहतात हे कोणी सांगू शकत नाही. त्यांना उसने म्हणतात. त्यांना स्वतःचं रूप नसतं, ज्यांच्यात राहतील त्यांचं घेतात. नदीच्या पुलापलीकडे दलदल आहे, ते तिथले, असं म्हणतात. त्यांनी कोणाचं काही नुकसान केल्याचं मी ऐकलेलं नाही. पण एक दिवस तुम्ही घरी जाल आणि तुमच्या खुर्चीत तुम्हीच बसलेले असाल, ही भीती लहानपणापासून प्रत्येकाच्या मनात घातलेली असते. ओळखायची खूण एकच. उसना आपलं अर्धं अंग बनवतो आणि दुसरं अर्धं त्यावरून उतरवतो, आम्ही कापड दुमडून एकदाच कात्री चालवतो तसं. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या येतात. खऱ्या माणसाच्या कधीच येत नाहीत. कोणाचा खांदा उतरता, कोणाचा हात लांब. आरशात बघून हे कळत नाही, टेप लावला की कळतं. त्यामुळे आम्हा शिंप्यांना चौकीवर मान होता. नको असलेला मान.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचा ज्याच्यावर विश्वास आहे असा माणूस मला आठवत नाही. दूधवाल्याने मापून दिलेलं दूध ती घरच्या भांड्याने पुन्हा मोजते. माझा जन्म तिच्या डोळ्यांदेखत झाला, तरी मी सांगतो ते वय तिला पटत नाही. ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून दुकानावर लक्ष ठेवायची, आणि काजवाली घरी गेली की खाली यायची.

"जांभई देते ती, पाहिलंस?"

"सगळेच देतात, ताई."

"तू दिलीस की देते. आधी कधी देत नाही."

"जांभई साथीसारखी असते."

"आणि शिंक? परवा तू शिंकलास, मागोमाग ती."

"कापडाचे तंतू उडतात गं."

"मग मी का नाही शिंकले? माझ्या नाकाला काय झाकण आहे?"

मी कापायला वळायचो. एक तर ताईशी वाद घालून जिंकलेला माणूस नाही, आणि दुसरं म्हणजे मलाही तेच दिसत होतं. आमच्या कटाईच्या टेबलाखाली चिंधीखाऊ असतो. प्रत्येक शिंप्याकडे असतो. सशाएवढा, राखाडी, कानांचा पत्ता नाही, दिवसभर कातरण चघळत बसतो. तो उसन्याच्या हातून खात नाही, असं म्हणतात. काजवालीने कातरण पुढे केलं की आमचा चिंधीखाऊ आधी माझ्याकडे बघायचा आणि मग खायचा. आता याचा अर्थ काय लावायचा? मी कित्येक दुपारी त्यावर विचार केला. ताईच्या हातून तर तो मुळीच खायचा नाही, पण त्याचं कारण वेगळं होतं. ताई त्याला झाडू मारायची.

अशी अकरा वर्षं गेली. काजवाली वेळेवर यायची, वेळेवर जायची. सुट्टी घ्यायची नाही, गावची आठवण काढायची नाही, कोणाकडे जायची-यायची नाही. गिऱ्हाइकांशी दोन शब्द. काम करताना मान वर करून बघायची, पुन्हा खाली घालायची. कोणाकडे बघते, हे मी कधी पाहिलं नाही. मी कापत असायचो.

मग घड्याळवाल्याचं प्रकरण झालं. घड्याळं दुरुस्त करणारा एक शेपटा पलीकडच्या गल्लीत राहायचा. त्याच्या बायकोने त्याला सकाळी बाजारात पाहिलं आणि घरी आली तर तो पायजम्यात, सकाळपासून उंबरा ओलांडला नाही म्हणून सांगतोय. घड्याळवाल्याला बाजारात जायची इतर कारणंही असू शकतात, हे अर्ध्या गल्लीला ठाऊक होतं. पण तो शपथेवर सांगत होता, आणि बायकोलाही नवरा लबाड ठरण्यापेक्षा उसना हिंडतोय हे बरं वाटलं असावं. दोन दिवसांत चौकीने हुकूम काढला. दर पंधरा वर्षांनी व्हायची ती मापणी या वेळी आधीच, या वर्षीच होणार. परगावाहून आलेल्या प्रत्येकाचं दोन्ही बाजूंचं माप. दोनदा. एकदा जवळच्या शिंप्याकडून आणि आठ दिवसांनी बाहेरच्या शिंप्याकडून.

पहिल्याच आठवड्यात मिठाच्या वखारीतला एक म्हातारा सापडला. खांदे सारखे, हात सारखे, पाय सारखे. त्याला पुलापलीकडे नेताना मी पाहिलं. पुढे दोन शिपाई, मागे दोन, आणि मधे तो, हातात दुपारचा डबा घेऊन. कामावरूनच उचलला होता. तो ओरडला नाही की रडला नाही. बाजूच्या लोकांकडे मात्र एकेक करून बघत होता, घाईघाईने, दुकान बंद व्हायच्या आत यादीतलं सगळं घ्यायचं असावं तसा. लोक तोंड फिरवत होते. मीही फिरवलं.

"आता आपलीची पाळी," ताई म्हणाली.

"आपली कोण?"

"जास्त शहाणपणा करू नकोस."

मापणीचा कारकून आमच्या दुकानात आला तो पंखाळा होता आणि त्याचा सरकारी कोट पाठीला इतका चुकलेला होता की मला त्याच्याकडे बघवेना. त्याने टेबलावर कागद पसरले.

"हिला कोणी पाहिलंय लहानपणापासून? नाही ना? घ्या माप."

काजवाली उभी राहिली. अकरा वर्षांत मी तिच्या इतक्या जवळ गेलो नव्हतो. सारखं निघालं तर काय करायचं, हे मी रात्रंदिवस ठरवत होतो आणि ठरत नव्हतं. खोटं सांगायचं धाडस माझ्यात नाही. खरं सांगायचंही नसावं.

मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत डावीकडे मोजलं, मग उजवीकडे. वेगळं. उजवा खांदा चार सूत, म्हणजे अर्धा इंच, उतरता. मला इतका सुटल्यासारखा आनंद झाला की मी जवळजवळ हसलो. मग बाही. उजवा हात तीन सूत लांब. डाव्या कमरेला, जिथे हाड लागतं त्याच्या किंचित वर, बोटभर खळगा.

आणि तो खळगा मोजायला टेप खाली नेताना माझ्या लक्षात आलं की आकडा मला आधीच माहीत आहे. टेप लावण्याआधीच तो तोंडात आला होता. चार सूत, तीन सूत, बोटभर. हे आकडे मी दर चार-पाच वर्षांनी वहीत उतरवतो. नवा कोट शिवताना. माझा.

कात्री जड असते. चाळीस वर्षं ती उजव्या हाताने ओढली की खांदा उतरतो, हात लांबतो, आणि टेबलाला टेकून टेकून डाव्या कमरेला खळगा पडतो. हे कापणाऱ्याचं अंग आहे. काज करणाऱ्याचं अंग याच्या उलट असतं. दोरा दिवसभर वर ओढायचा असल्याने उजवा खांदा चढतो आणि मान डावीकडे कलते. काजवालीने आयुष्यात कात्री हातात धरली नव्हती.

"काय झालं?" कारकून म्हणाला. "आकडे?"

"खांदा उजवा चार सूत..."

"सूत-बित मला सांगू नका. सारखं की वेगळं?"

"वेगळं," मी म्हणालो. ते खरंच होतं.

त्याने खूण केली. "आठ दिवसांनी फेरमाप. पुलाकडचे शिंपीमास्तर येतील."

तो गेला. काजवाली जाग्यावर जाऊन बसली आणि तिने अर्धवट राहिलेलं काज पुरं केलं. मी मात्र त्या दिवशी एका शेपट्याच्या पँटला झडप पुढच्या बाजूने कापली.

पुढचे तीन दिवस मी जसा वागलो त्याची मला लाज वाटते, तरी लिहायला हवं. मला तिची भीती वाटली. माझा खांदा घेतला, हात घेतला, अजून काय काय घेतलं असेल? मग मला दिसू लागलं. ती कप डाव्या हाताने धरायची, मी धरतो तसा. उठताना आधी खाकरायची. मी कप उजव्या हाताने धरायला लागलो आणि पहिल्याच दिवशी बेकरीवाल्याच्या सॅटिनवर चहा सांडला.

"मास्तर," बेकरीवाला चारही हात कमरेवर ठेवून म्हणाला, "माझ्या बायकोने सांडला असता तर समजू शकलो असतो. तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी मी अस्तराचं जुनं कापड दोरीवर टाकून तिच्या आणि माझ्या जागेमध्ये पडदा केला. खुर्चीत आपणच बसलेले असू, ते चित्र डोळ्यांसमोरून हटेना. पुलापलीकडे मला नेतायत, मी मीच आहे म्हणून सांगतोय, आणि दुकानाच्या दारातून मीच माझ्याकडे बघतोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यामागून तिचा आवाज आला.

"मास्तर, पडदा नको. उजेड अडतो."

मी कात्री खाली ठेवली. समोर माणूस दिसत नसलं की मला जरा बोलता येतं.

"बाई, किती घेतलंत माझं?"

बराच वेळ दोऱ्याचा आवाज येत राहिला. मग थांबला.

"दिसलं तेवढं. घ्यायला जावं लागत नाही. बघत राहिलं की येतं."

"खुर्चीपण घेणार का माझी?"

"तुमची खुर्ची?" ती पहिल्यांदाच हसल्यासारखी वाटली. "तिचा एक पाय हलतो. मला नको."

"आधी कोणाचं होतं अंगावर?"

"आधीच्या गावी एक बाई काजं करायची. हे हात तिचे. ती वारली, मग मी निघाले. इथे आले तेव्हा बाकी सगळं सारखंच होतं माझं. तुमच्याकडे बसले आणि वाकडं व्हायला लागलं. मला वाटलं, बरं झालं. मापणीला निभावेल."

"पुलाकडचा मास्तर बघितल्या बघितल्या सांगेल की हे कात्रीवाल्याचं अंग आहे. तोही शिंपी आहे."

"हो का," ती म्हणाली. "हे मला सुचलं नाही."

अकरा वर्षं शिंप्याच्या दुकानात बसून तिला हे सुचलं नव्हतं. काम केल्याने अंग बदलतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. तिच्या लोकांचं अंग फक्त बघितल्याने बदलतं.

"पलीकडे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. सगळे आमचेच. एकमेकांकडे बघून काय मिळणार? जे असतं ते हळूहळू पुसलं जातं."

"म्हणजे माणूस मरतो?"

"मरतो की नाही माहीत नाही. पण कोण होता ते सांगायला उरत नाही."

जिन्याची चौथी पायरी करकरली तेव्हा मला कळलं की ताईने सगळं ऐकलं आहे.

मी उठेपर्यंत ती खाली आली होती. मला वाटलं, ही आता सरळ चौकीवर जाणार. तिच्या पायात चपलाही होत्या. तिने पडदा एका हाताने ओढून बाजूला केला, काजवालीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "स्टूल दे ते."

मी दिलं. ताईने ते खिडकीच्या उजेडात, काजवालीच्या बरोबर समोर ठेवलं, त्यावर बसली, टोपलीतला एक शर्ट उचलला आणि सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करू लागली. सुई तिला दिसत नव्हती.

"ओवून दे," ती काजवालीला म्हणाली. "आणि बघ. तीस वर्षं काजं केलीत मी. खांदा बघ, मान बघ. अजून पाच दिवस आहेत."

काजवाली बघतच राहिली.

"नाक सोडून," ताई म्हणाली. "नाक आमच्या वडिलांचं आहे. ते कोणाला द्यायचं नाही."

"ताई," मी म्हणालो, "तूच तर म्हणत होतीस..."

"मला ती आजही आवडत नाही. पण आवडत नाही म्हणून माणसं पुलापलीकडे धाडायची झाली, तर सगळ्यात आधी मी तुला धाडलं असतं. पडदा लाव परत आणि त्याच्या मागे बस. तिला दिसू नकोस. तुझंच चिकटून राहायचं नाही तर."

म्हणून पडदा पुन्हा लागला. पाच दिवस मी त्याच्यामागे कापत बसलो आणि पलीकडचे आवाज ऐकत राहिलो. ताईची चौकशी चालूच असायची.

"मी झोपल्यावर माझ्या खोलीत येऊन बघत नाहीस ना?"

"नाही ताई."

"मग मी रात्री कूस बदलते ते तुला कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत सकाळी."

"मी? मी कशाला सांगेन?"

मधेच एकदा ताई "आई गं" करून ओरडली. सुई बोटात गेली होती. तिने केलेली काजं मी नंतर गुपचूप उसवली. त्यांतून बटण गेलंच नसतं. पण ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसली. डोळ्यांतून पाणी यायचं तरी बसली. मी विचारलं तर म्हणाली, मला बघायला कोण येतंय नाहीतरी, बसले तर बसले. आणि लगेच, तू काय ऐकत होतास का?

मला पडद्यामागे एकच काळजी होती. पाच दिवसांत अकरा वर्षं पुसली जातात का? आणि त्याच्या खाली दुसरी एक होती. ताई खरंच मदत करते आहे, की आठव्या दिवशी सगळ्यांसमोर बोट दाखवायला पुरावा जमवते आहे? मी तिचा भाऊ, पण साठ वर्षांत तिच्या मनात काय आहे हे मला एकदाही ओळखता आलेलं नाही.

आठव्या दिवशी पुलाकडचा मास्तर आला. चौहाता, उंच, तोंडात टाचण्या. दोन हातांनी टेप धरायचा, तिसऱ्याने लिहायचा, चौथ्याने माणसाला वळवायचा. त्याच्याबरोबर तोच कारकून. मला त्यांनी लांब उभं राहायला सांगितलं, म्हणून मी पडद्याआडच राहिलो आणि कापडाच्या विरलेल्या जागेतून बघत राहिलो.

त्याने काजवालीला उभं केलं. चालायला लावलं. पुन्हा उभं केलं. टेप खांद्यावर गेला, हातावर गेला. कमरेशी गेला तेव्हा मी डोळे मिटले.

"काजं किती वर्षं?"

"इथे अकरा. त्याआधीची वेगळी."

"दिसतंय ते. खांदा चढलाय बराच." त्याने टाचणी तोंडातून काढली, पण कागदावर काही लिहिलं नाही. तो जिन्यापाशी उभ्या असलेल्या ताईकडे बघत होता. मग काजवालीकडे. मग पुन्हा ताईकडे. चारही हात थांबले होते.

"तुम्ही दोघी बहिणी का?"

कारकुनाने मान वर केली. काजवाली हलली नाही. आता ताईने फक्त खरं सांगायचा अवकाश, सगळं संपणार होतं.

"हिची बहीण?" ताई म्हणाली. "हिची बहीण व्हायची वेळ आली तर मी आपल्या पायांनी पूल ओलांडेन. तीस वर्षं काजं केलीत मी या दुकानात, आणि मला विचारता बहीण का! काज करणाऱ्या सगळ्या बाया अशाच होतात. तुमच्या दुकानात काजं कोण करतं? बघितलंय कधी तिच्याकडे?"

पुलाकडचा मास्तर गोरामोरा झाला. "माझी बायको करते," तो म्हणाला.

"मग घरी जाऊन बघा."

कारकून हसला. मास्तरने घाईने कागदावर खूण केली, टेप गुंडाळला, आणि जाताना माझ्या कटाईच्या टेबलावर हात फिरवून "बरं आहे टेबल" एवढंच म्हणाला. त्या कागदाच्या जोरावर काजवाली राहिली.

मी पडद्याबाहेर आलो. दोघी माझ्याकडे पाठ करून दारात उभ्या होत्या, ते गेले की नाही ते बघत.

"बाई, बसा आता," मी म्हणालो.

वळली ती ताई. "डोळे गेले का तुझे?"

मला खरंच ओळखू आलं नव्हतं. अकरा वर्षं काजवाली दारातून बाहेर पडताना मी तिची पाठ बघत आलो होतो, आणि ती पाठ ओळखीची का वाटते याचा विचार केला नव्हता. आता ती कोणा दुसऱ्याची झाली होती. काजवाली वाचली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्या संध्याकाळी मी दुकान बंद केलं तेव्हा, आपल्याकडे इतकं लक्ष देऊन या जगात कोणी पाहिलं होतं आणि आता ते कुठेच उरलेलं नाही, हे काही केल्या मनातून जाईना. हे मी कोणाला सांगितलं नाही.

पडदा काढून टाकला. काम नेहमीसारखं चालू झालं. ताई पुन्हा चौथ्या पायरीवर गेली आणि काजवाली कशी गिळते, कशी चालते, याबद्दल मला रोज संध्याकाळी सांगू लागली. पुढची मापणी पंधरा वर्षांनी होती.

दोन वर्षांनी असेल, एका दुपारी काजवाली बटणांचा डबा घ्यायला उठली. उठण्याआधी खाकरली. डबा उचलताना तिचा उजवा खांदा खाली गेला आणि डबा ठेवल्यावरही वर आला नाही.

"बघ," ताई जिन्यावरून म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की काय, मला कळलं नाही. "पाच दिवस डोळे फोडून घेतले मी हिच्यापायी. माझं नको झालं वाटतं बाईसाहेबांना."

"तुम्ही वर बसता, ताई," काजवाली म्हणाली. "दिसत नाही तिथून."

ताईने थोडा वेळ विचार केला. मग स्टूल घेऊन ती खिडकीपाशी आली आणि कुरकुरत बसली.

काजवाली मान खाली घालून दोरा ओढत होती. मी कात्री उचलली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेलो आणि, कधी नव्हे ते, तिच्याकडे तोंड करून कापायला उभा राहिलो.